कचारगडचे सभागृह

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात नाट्यमंडप कसा असावा हे सांगितले आहे. तो पर्वतातील गुहेसारखा असावा, त्याच्या दोन भूमी असाव्यात, खिडक्या लहान असाव्यात आणि आत वारा खेळू नये, म्हणजे गाणाऱ्याचा व वाद्याचा स्वर गंभीर उमटतो, असा त्यांचा अभिप्राय आहे. हे वर्णन आम्ही अनेक वेळा वाचले होते व विद्यार्थ्यांस समजावूनही दिले होते. तथापि गुहेच्या आकाराचा मंडप म्हणजे काय, हे डोळ्यांस आणि त्याहूनही अधिक कानांस पटले ते गेल्या माघी पौर्णिमेस, गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात कचारगडावर गेलो तेव्हा.

धर्मसभांकरिता प्रचंड सभागृहे उभारण्याची हौस सांप्रत सर्व जगात दिसते. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटी या शहरी मॉर्मन पंथाने २००० साली पुरे केलेल्या सभागृहात २१,००० माणसे बसतात असे म्हणतात. आपल्या मुंबईजवळ गोराईस विपश्यनेचा जो पॅगोडा २००९ साली खुला झाला, त्याच्या दगडी घुमटाखाली मध्ये एकही खांब न घेता सुमारे ८,००० साधक ध्यानास बसू शकतात. आमचे एक पुतणे तेथे जाऊन आले आहेत. घुमट पाहून मान मोडली, एवढेच त्यांनी सांगितले. ध्यानाविषयी काही बोलले नाहीत. या इमारतींस स्थपती आहेत, नकाशे आहेत, देणगीदारांच्या याद्या आहेत. कचारगडास यांपैकी काहीच नाही. तरीही दरवर्षी माघी पौर्णिमेच्या सुमारास महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण इत्यादी प्रांतांतून गोंड लोक येथे लाखांच्या संख्येने जमतात. धर्मचर्चा होते, पूजा होते आणि रात्ररात्र गाणे चालते.

आम्हांस तेथे नेण्याचे श्रेय एका जुन्या विद्यार्थ्याचे. हे गृहस्थ जातीने गोंड, आता स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षक आहेत. ‘गुरुजी, आपण रामटेक दाखविलेत, आता आमचे तीर्थ आपण पाहावे,’ असे ते तीन वर्षे म्हणत होते. अखेर आम्ही व आमच्या सौभाग्यवती नागपुराहून निघालो. गोंदियास गाडी बदलली. गोंदियाचा स्वतंत्र जिल्हा १९९९ सालचा. त्यापूर्वी हा सारा मुलूख भंडाऱ्यात मोडत असे. गोंदियापासून पूर्वेस लोहमार्ग आमगाव, सालेकसा, दरेकसा असा जातो. नागपूर-छत्तीसगड रेल्वे म्हणून १८८० नंतर जी अरुंद वाट या रानातून काढली, तीच पुढे बंगाल-नागपूर कंपनीने घेऊन रुंद केली. दरेकशाच्या पुढे बोगदा लागतो, मग छत्तीसगडची हद्द आणि बमलेश्वरीचे डोंगरगड. धानाची बांधी कापून झालेली, पळसाला नुकते कोठे फूल येऊ लागलेले, आणि डब्यात पिवळे फेटे बांधलेली माणसे. प्रत्येक नवा उतारू आत येताच ‘जय सेवा’ म्हणे व सारा डबा ‘जय सेवा’ म्हणून उत्तर देई. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस आमच्याही तोंडून ते निघून गेले.

पायथ्याचे गाव धनेगाव. तेथे मंडप, ध्वनिक्षेपक, पुस्तकांची दुकाने, चहाच्या टपऱ्या, सप्तरंगी ध्वज, असा यात्रेचा सगळा थाट होता. तेथून पुढे सागाच्या व बांबूच्या रानातून वाट चढू लागते. आमच्या वयास ती सोपी नव्हे. सौ. दोनदा बसल्या आणि दोन्ही वेळां कोणा अनोळखी बाईने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या केला.

गुहेविषयी एक गोष्ट आधीच सांगून टाकणे बरे. ही आशिया खंडातील सर्वांत मोठी नैसर्गिक गुहा, असा तिचा गौरव जो तो करतो. व्हिएतनाममधील सोन डुंग नावाच्या गुहेची मोजणी २००९ साली झाली. ती पाच किलोमीटरांहून लांब असून काही ठिकाणी तिची उंची दोनशे मीटरांच्या घरात जाते. व्हिएतनाम आशियातच आहे. तेव्हा ही बढाई सोडून द्यावी. कचारगडास तिची गरज नाही.

मुखाशी पोचलो तेव्हा डोळ्यांपुढे आधी केवळ काळोख उभा राहिला. थोडे आत गेल्यावर त्या काळोखास आकार आला. कड्याच्या पोटात एक अवाढव्य दालन, भूमी उंचसखल, छत इतके वर की त्यावरील कपारी ओळखू येत नव्हत्या, आणि वर एका जागी खडक उघडा पडलेला, त्यातून उजेडाचा एक झोत तिरपा खाली आलेला. त्या झोतात धूळ व उदाचा धूर फिरत होता. कालिदासाने हिमालयातील गुहांच्या दारी मेघांचे पडदे सोडले आहेत. येथे पडदा धुराचा होता. माणसे रांगेने आत येत, तांदूळ व हळद वाहत, खडकास हात लावून डोळे मिटत आणि पुढे सरकत. गर्दी मोठी असूनही गोंगाट वाटत नव्हता. हे कसे, असा विचार करीत असतानाच मुखाशी कोणी ढोल वाजविला.

त्या एका ढोलाचा नाद आत येईपर्यंत दहा ढोलांचा झाला. तो भिंतींस लागून परत फिरला, वर चढला आणि बराच वेळ विरला नाही. स्वयंसेवकाने काही सूचना ओरडून सांगितली, तिचा मात्र एकही शब्द आम्हांस कळला नाही. व्यंजने एकमेकांत मिसळून जात. स्वर तेवढे टिकत. मागून कोठेतरी दोन बायका गात होत्या, त्यांचे गाणे मात्र स्वच्छ ऐकू येत होते. अर्थात अर्थ आम्हांस कळत नव्हता. तेव्हा भरतमुनींचे दुसरे वचन आठवले. मंडप फार मोठा केला तर उच्चारलेले पाठ्य बेसूर व अस्पष्ट होते, म्हणून मर्त्य मनुष्यांकरिता चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद असाच मंडप करावा, असे त्यांनी बजावले आहे. कचारगडची गुहा या मापाने देवांच्या मंडपात जमा होईल. तेथे व्याख्यान चालणार नाही; गाणे चालेल. याच कारणाने असो वा अन्य कारणाने, संमेलनाची भाषणे खाली धनेगावच्या मंडपात होतात आणि वर गुहेत केवळ दर्शन, वाद्य व गाणे.

या भागात गुहेचा असा उपयोग नवा नव्हे. पूर्वेकडे सुरगुजात रामगड टेकडीवर सीताबेंगा नावाची कोरीव गुहा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी डॉ. ब्लॉख या जर्मन पंडिताने तिच्या मुखाशी असलेल्या दगडी बैठका पाहून ही प्राचीन रंगशाळा असावी असा तर्क केला. तो सर्वांस मान्य नाही. परंतु सीताबेंगा माणसाने कोरली. कचारगड जसे आहे तसे सापडले, आणि ते उघडले कसे याविषयी गोंड लोकांत जी कथा आहे, ती आम्ही त्या उजेडाच्या झोताशेजारी एका खडकावर बसून ऐकली.

काली कंकाली या मातेची तेहतीस मुले होती. ती फार व्रात्य. त्यांच्या उच्छादाने त्रासून शंभूने त्यांना या गुहेत कोंडले व दारावर प्रचंड शिळा लोटली. मातेचा विलाप ऐकून जंगो रायताडचे मन द्रवले. तिने पहांदी पारी कुपार लिंगोस साकडे घातले. लिंगो म्हणजे गोंडांचा आद्य गुरू. शिळा बाहेरून हालेना. तेव्हा हिरासुका पाटालीर नावाचा गायक किंगरी घेऊन दारापुढे बसला व गाऊ लागला. त्याचा स्वर दगडातून आत गेला. अंधारात पडलेल्या मुलांच्या अंगात त्या गाण्याने बळ संचरले, ती एकवटली आणि सगळ्यांनी मिळून आतून शिळा ढकलली. शिळा गडगडली. मुले बाहेर आली; दारापुढे बसलेला गायक त्या शिळेखाली सापडला.

आमच्या सौभाग्यवती सोमवार करतात. त्यांनी ही कथा शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि मग विचारले, ‘म्हणजे महादेवानेच मुलांना कोंडले?’

शिक्षकांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले. मग म्हणाले, ‘काकू, आमच्या आजीनेही असेच सांगितले. पण शिवरात्रीला हीच आजी प्रतापगडच्या यात्रेला पायी जात असे. रागावलेला बाप मुलांना खोलीत घालून कडी लावतो ना, तसे ती सांगायची. आता आमच्यातले काही लोक हे वेगळ्या रीतीने सांगतात. खाली मंडपात आपण ऐकालच.’

‘आणि मुले बाहेर आल्यावर त्यांना जेवायला कोणी घातले?’

‘जंगो रायताडने.’

सौ. ‘बरे’ म्हणाल्या आणि उठल्या. जाताना त्यांनी जंगोच्या नावाने मूठभर तांदूळ वाहिले. आम्हांस या कथेत जो प्रश्न दिसत होता तो धर्मशास्त्राचा होता. त्यांस दिसला तो उपाशी मुलांचा. परतीच्या वाटेवर आम्ही त्यांस महादेवाविषयी पुन्हा छेडून पाहिले, त्यावर ‘घरोघरी कडक माणूस असतोच’ एवढेच उत्तर मिळाले.

या कथेचा सर्वांत जुना छापील पाठ नागपुराशी निगडित आहे, हे येथे नमूद केले पाहिजे. स्कॉटलंडहून आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप (ज्यांचे नाव नागपूरच्या महाविद्यालयास आहे) यांनी एका परधान गायकाकडून लिंगोचे गाणे उतरवून घेतले. १८६३ साली हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडून वारले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली प्रसिद्ध केली. त्या पाठात हिरासुका नाही. लिंगोच भोपळ्याचे तंतुवाद्य करून शेकडो रागरागिण्या वाजवितो व त्या ऐकून एक म्हातारा राक्षस नाचू लागतो. गोंडांस गुहेत कोंडतो तो महादेवच, परंतु सोडवितानाही अखेर त्याचीच आज्ञा घ्यावी लागते. त्यासाठी लिंगो बिंदो नावाच्या पक्ष्याची पिले आणून देतो. गुहेचे नाव तेथे काचिकोपा लोहागड असे आहे. जुन्या इंग्रज ग्रंथकारांनी ती पचमढीकडे शोधली. गोंडी पंडितांचे म्हणणे असे की, कच्च्या लोखंडाचा गड तो कचारगड, आणि या डोंगरांत लोहदगड आहेच. आपल्या पुराणांत एकाच उपाख्यानाचे चार पाठ आढळले म्हणून आपण ते टाकून देत नाही. येथेही तसेच समजावे.

मोतीरावण कंगाली हे या गोंडी पंडितांपैकी प्रमुख. नागपुरास नोकरी करीत त्यांनी गोंडी धर्म, भाषा व लिपी यांवर आयुष्यभर लिहिले. २०१५ साली ते निवर्तले. कचारगडची आजची मोठी यात्रा १९८० नंतरच्या दशकात त्यांच्यासारख्या शिकलेल्या मंडळींनी उभी केली. त्यापूर्वी गुहा ठाऊक होती ती आसपासच्या गावांस. म्हणजे तीर्थ पुरातन, संमेलन अर्वाचीन. यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. सार्वजनिक गणेशोत्सवाचे वय तरी किती?

सायंकाळी मंडपात बसलो. विषय दोन होते. पहिला जनगणनेचा. इंग्रजी अमदानीत आदिवासींच्या धर्मास जनगणनेत निराळे स्थान होते, ते स्वातंत्र्यानंतर राहिले नाही. ते परत मिळावे ही मागणी. २०११ च्या गणनेत ‘इतर धर्म’ या सदरात दहा लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म गोंड किंवा गोंडी असा लिहिला आहे. दुसरा विषय भाषेचा. त्याच गणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाख ८४ हजार आहेत. तरी राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात गोंडीस स्थान नाही, आणि तिच्याहून पुष्कळ कमी लोक बोलतात अशा भाषांस आहे. गडचिरोली जिल्ह्यात मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ साली स्वतः गोंडी माध्यमाची शाळा काढली, तिचा उल्लेख झाला तेव्हा टाळ्या फार पडल्या. पहिल्या विषयात आम्ही मत देणार नाही; ज्याने त्याने आपला धर्म सांगावा व लिहिणाऱ्याने तो तसा लिहावा. दुसऱ्यात देऊ. मुलास मातृभाषेतून शिकवावे हे तत्त्व आपल्या वडिलांनी इंग्रजीविरुद्ध मराठीकरिता मांडले. ते मराठीपाशी येऊन थांबते असे मानण्यास आधार कोणता?

मात्र एक गोष्ट कानास खटकली. गोंडी वाचली पाहिजे, हे सारे हिंदीत चालले होते. शिक्षकांनी कारण सांगितले ते खरे आहे. आदिलाबादची गोंडी मंडल्याच्या माणसास नीट कळत नाही. चांद्याच्या बाजूस मराठीचा, पलीकडे तेलुगूचा, इकडे छत्तीसगडीचा भरणा झाला आहे. शिवाय पुढे बसलेल्या तरुणांपैकी कित्येकांच्या घरी गोंडी उरलेलीच नाही. लिपी आहेत, त्याही दोन. बालाघाटचे मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली एक तयार केली. दुसरी आदिलाबादकडील गुंजाळा गावच्या जुन्या पोथ्यांत सापडली. दोन्हींस संगणकावर जागा मिळाली आहे. परंतु हे गाणे हजारो वर्षे म्हणा, शेकडो म्हणा, जे टिकले ते लिपीवर टिकलेले नाही. ते परधानांनी टिकविले.

परधान हे गोंडांचे गायक. आपल्याकडील भाट व हरदास यांच्या मधली ही जागा. ठराविक वर्षांनी परधान आपल्या यजमानाच्या दारी जाई, बाणा किंवा किंगरी वाजवून त्याच्या कुळाची व देवांची गाणी म्हणे आणि धान्य, कापड, कधी गुरेढोरे दान घेई. सहा देवांचे घर कोणते, सात देवांचे कोणते, कोणाची सोयरीक कोणाशी व्हावी, कोणाशी होऊ नये, हे सारे त्याच्या जिभेवर. आपल्या घरात लग्न ठरविताना गोत्र-प्रवर विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांस याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. श्रुती मुखाने राखण्याचे कामही आपणांस परके नाही. भेद एवढाच की, वेदपाठशाळेस राजे व धनिक यांचा आश्रय लाभला, परधानाचा आश्रयदाता स्वतःच कोरडवाहू शेतकरी. यजमान गरीब झाला तसा गायक उठला. मंडल्याकडे पाटणगडच्या परधानांनी तर गाणे सोडून चित्रे धरली. त्यांतील जनगडसिंह श्याम यास भोपाळच्या भारत भवनाने पुढे आणले, त्याची चित्रे परदेशांत गेली आणि २००१ साली तो जपानात मरण पावला. त्याच्या चित्रांतले देव हे गाण्यातलेच, असे जाणते म्हणतात.

रात्री जेवणानंतर शिक्षक आम्हांस मंडपामागे घेऊन गेले. मोहाच्या झाडाखाली शेकोटी होती, आणि शेकोटीपाशी एक म्हातारा परधान किंगरी जुळवीत बसला होता. मंडपातील ध्वनिक्षेपकावर त्या वेळी सिनेमाच्या चालीवरचे एक गीत लागले होते. त्याचा कर्कश आवाज इतका की किंगरीची तार हालताना दिसे पण ऐकू येत नसे. म्हातारा रागावला नाही. त्याने वाद्य मांडीवर आडवे ठेवले व विडी पेटविली. व्यवस्थापकांस कोणी सांगावे, असे आम्ही म्हणालो. एक तरुण धावत गेला. पुष्कळ वेळाने आवाज थांबला, आणि त्या शांततेत पहिला सूर निघाला. तो बारीक व थोडा नाकातला होता. भोवती तीस-चाळीस माणसे असतील. निम्मी पांढऱ्या केसांची. दोन मुलांनी मोबाईल पुढे धरले होते. शिक्षक आमच्या कानाशी अर्थ सांगत होते, परंतु त्यांसही अनेक शब्द अडत. मग ते गायकास विचारीत, गायक थांबून समजावी व पुन्हा मागून उचले. अशाने गाणे फार हळू चालले. कोणी कंटाळले नाही. एका कठीण शब्दावर तर शेकोटीभोवती चांगला वाद झाला, आमच्या शाळेत एखाद्या समासावर होई तसा, आणि अखेरीस निवाडा एका आजीबाईंनी दिला. त्या वेळेपर्यंत त्या पेंगत आहेत असे आम्ही समजत होतो.

आम्ही विचारले, सगळे गाणे किती वेळाचे? म्हातारा हसला. ‘पाच रात्री,’ शिक्षकांनी भाषांतर केले, ‘गायला बसले तर. आता कोणी पाच रात्री बसवत नाही. एक रात्र, दोन रात्री.’ त्याचा नातू कोठे आहे, हा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींचा. नातू पुण्यास कारखान्यात आहे. सुटीवर आला म्हणजे थोडे वाजवितो. हात चांगला आहे, पण शब्द येत नाहीत.

वाचकांपैकी कोणास जावयाचे असल्यास यात्रेच्या दिवसांत जावे. एरवी गुहा दिसेल, पण तिचा आवाज ऐकावयास मिळणार नाही. पाणी सोबत घ्यावे, चामड्याच्या वहाणा टाळाव्यात, काठी असू द्यावी. दरेकशाजवळ हाजरा येथील धबधबा प्रसिद्ध आहे, पण माघात त्याला पाणी थोडे. गुहेत मोठ्याने बोलून प्रतिध्वनी पाहण्याचा मोह सुशिक्षित मंडळींस फार होतो, तो आवरावा.

मध्यरात्रीच्या सुमारास थंडी वाढली. गाण्यात अजून मुले गुहेत पडावयाची होती. लिंगोचा जन्मच कोठे नुकता झाला होता. म्हाताऱ्याने किंगरी फडक्यात गुंडाळली व उद्या रात्री पुढे म्हणून सांगितले. आमची परतीची गाडी सकाळची होती. सौ. म्हणाल्या, दुपारच्या गाडीने काय बिघडते. मग संध्याकाळच्या गाडीचे पाहिले, आणि शेवटी शिक्षकांच्या घरी आणखी एक रात्र राहण्याचे ठरले.